कॉर्डच्या कागदा, तुझ्यावर आरोप आहे

कॉर्डच्या कागदा,

तुझ्यावरचा आरोप आधीच सांगून टाकतो. गिटार हातात घेतलेल्या माणसाला दहावं गाणं पहिल्या गाण्याइतक्याच कष्टाने शिकावं लागतं, याला जबाबदार तू आहेस. पहिल्या गाण्याला महिना लागला तर त्यात नवल नाही. बोटांच्या टोकांना घट्टे पडायचे असतात, मनगटाला सवय व्हायची असते, एफची बार कॉर्ड धड वाजायला तिचा वेळ घेते. पण दहाव्या गाण्यालाही महिनाच लागत असेल, तर मधली नऊ गाणी गेली कुठे? ती तुझ्यापाशीच राहिली. तू ती शिकणाऱ्याला दिलीच नाहीस, फक्त त्याच्याकडून वाचून घेतलीस.

तुझा चेहरा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. गाण्याचे शब्द, आणि गाणं मराठी असलं तरी बहुतेक वेळा रोमन लिपीत. त्या शब्दांच्या डोक्यावर अधूनमधून टाकलेली अक्षरं : जी, डी, ई मायनर, सी. पूर्वी झेरॉक्स होऊन कॉलेजच्या कट्ट्यावर हातोहात फिरायचास, आता मोबाइलच्या पडद्यावर आपोआप वर सरकतोस. शिकणारा तुझ्यावर डोळे लावून बसतो. अक्षर आलं की बोटं हलवतो, पुढचं अक्षर आलं की पुन्हा हलवतो. या सगळ्यात त्याचे कान काय करत असतात, हे तू कधी विचारलंस? त्यांना तू काही कामच ठेवलेलं नाहीस.

मी गिटार शिकवतो. दुसरीकडे थोडंफार शिकून आलेल्याला मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगतो : तुला आवडणारं एखादं पूर्ण गाणं वाजवून दाखव. उत्तर ठरलेलं असतं. ‘सर, फोन घेऊ का?’ वर्ष वर्ष वाजवलेलं गाणं असतं, शब्द तोंडपाठ असतात, चालीतली बारीकशी हरकतही गळ्यात बसलेली असते. फक्त कॉर्ड्स आठवत नाहीत. अंताक्षरीत शंभर गाणी गाऊ शकणाऱ्या मुलीला फोनशिवाय एक गाणं वाजवता येत नाही, ही तिच्या बुद्धीची उणीव नाही. ती तुझी करणी आहे.

ती तू कशी केलीस, ते सांगतो. समजा एखादं साधं तीन कॉर्ड्सचं गाणं आहे आणि त्याची पट्टी काळी चार आहे, म्हणजे तुझ्या अक्षरांत जी शार्प. एका कागदावर त्याच्या कॉर्ड्स लिहिलेल्या असतात जी, सी, डी आणि कॅपो पहिल्या फ्रेटवर. दुसऱ्या कागदावर ई, ए, बी आणि कॅपो चौथ्या फ्रेटवर. तिसऱ्यावर कॅपोच नाही, आणि जी शार्प, सी शार्प, डी शार्प अशा तिन्ही बार कॉर्ड्स. शिकणारा हे तिन्ही कागद घेऊन येतो आणि विचारतो, यातला बरोबर कुठला? तिन्ही बरोबर आहेत. तिन्हींवर एकच गोष्ट लिहिलेली आहे : सा-वरची कॉर्ड, म-वरची कॉर्ड, प-वरची कॉर्ड. एवढं एक वाक्य तुझ्यावर कुठेतरी कोपऱ्यात छापलेलं असतं, तर ते गाणं दहा मिनिटांत कळलं असतं, आणि त्याच्यासारखी आणखी कितीतरी गाणी त्याच दहा मिनिटांत अर्धी शिकून झाली असती. तू अक्षरं दिलीस आणि नातं लपवलंस.

मला सगळ्यांत जास्त राग याचा येतो की आपल्याकडच्या मुलांना हे नातं नवीन नाही. महाराष्ट्रात कितीतरी मुलं अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक आणि प्रवेशिका या परीक्षांना बसलेली असतात, कोणी पेटीवर, कोणी गळ्यावर. सा कुठेही धरला तरी म तिथून चौथा आणि प पाचवा, हे त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. गायिका आज काळी चारमध्ये गाते, उद्या घसा बसला तर काळी तीनमध्ये गाईल, बंदिश बदलत नाही. हे सगळं ठाऊक असलेलं पोर गिटार उचलतं, तुझ्यापुढे बसतं आणि सरगम विसरून जातं. त्याला वाटतं, ते आपलं शास्त्रीय, हे वेगळं. वेगळं काही नाही. शुद्ध स्वरांच्या सप्तकात, म्हणजे बिलावल थाटाच्या स्वरांत, प्रत्येक स्वरावर एक कॉर्ड उभी राहते. सा, म आणि प यांच्यावर मेजर. रे, ग आणि ध यांच्यावर मायनर. नि-वर डिमिनिश्ड, जी गाण्यांत क्वचितच लागते. हा तक्ता एकदा पाठ झाला की बाराही पट्ट्यांना लागू होतो. सा बदलला की सगळ्या कॉर्ड्स त्याच्याबरोबर सरकतात, त्यांची आपसातली अंतरं तशीच राहतात.

घरगुती मैफलीत तुझी लाज कशी निघते, ते मी पाहिलेलं आहे. गणपतीत सगळे जमलेले असतात. आत्या गायला बसते. भाच्याने नवीन गिटार घेतलेली असते, म्हणून सगळे त्याला म्हणतात, साथ कर की. आत्या विचारते, ‘माझी पट्टी काळी पाच. जमेल ना रे?’ आणि भाचा म्हणतो, ‘आत्या, माझ्याकडे हे गाणं जी-मध्ये आहे.’ आत्या बिचारी दोन ओळी त्याच्या पट्टीत गाते. तिचा आवाज खालच्या स्वरांत घुसमटतो, मग ती थांबते, आणि भाचा गिटार भिंतीला टेकवून ठेवतो. त्या पोराला फक्त एवढंच ठाऊक असायला हवं होतं की कॅपो तिसऱ्या फ्रेटवर लावून जी-चेच आकार धरले की पट्टी काळी पाच होते. एक फ्रेट म्हणजे एक अर्धस्वर, जी-पासून तीन अर्धस्वर वर ए शार्प. स्केलचेंजर पेटीवर वादक पट्टी सरकवतो, तेच काम इथे कॅपो करतो. वर्षभर तुझ्याशी डोळे जोडून बसलेल्या पोराला हे कळू नये, आणि आत्याचं गाणं राहून जावं, यासाठी मी तुला माफ करणार नाही.

तू जे सांगितलं नाहीस, ते आता मीच सांगतो.

गिटारच्या सगळ्यांत जाड तारेवर, सहाव्या तारेवर, गाण्याचा सा शोधायचा. गाणं जिथे येऊन विसावतं, जिथे थांबलं तर पुढे काही राहिलंय असं वाटत नाही, तो सूर गुणगुणायचा आणि जाड तारेवर एकेक फ्रेट पुढे जात तो पकडायचा. सापडला? आता त्याच फ्रेटवर शेजारची पाचवी तार दाबली की म मिळतो, कारण या दोन तारा, ई आणि ए, एकमेकींपासून सा-म अंतरावरच लावलेल्या असतात. म-पासून त्याच तारेवर दोन फ्रेट पुढे गेलं की प. आणि जाड तारेवर सा-पासून तीन फ्रेट मागे गेलं की खालचा ध. सा जर तिसऱ्या फ्रेटवर, म्हणजे जी असेल, तर पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर सी मिळेल, पाचव्या फ्रेटवर डी, आणि सहावी तार मोकळी सोडली की ई. जी, सी, डी आणि ई मायनर. तुझ्यावर हजार वेळा छापलेली हीच चार अक्षरं ना? ती हाताच्या पंजात मावतील इतक्या जागेत, एकमेकांशी ठरलेल्या अंतरावर बसलेली आहेत, आणि सा सरकला की सगळी जणू हात धरून सरकतात. हे एकदा बोटांना कळलं की शिकणाऱ्याला तू लागत नाहीस. मला वाटतं, तू गप्प राहण्याचं कारणही तेच असावं.

मग गाणं लावायचं, पण गिटार मांडीवर घ्यायची नाही. फोनच्या स्पीकरवर खालचे आवाज जवळजवळ ऐकूच येत नाहीत, म्हणून कानात हेडफोन घालायचे. शब्दांचा मोह सोडायचा आणि तळाशी चाललेल्या बास गिटारकडे कान लावायचा. समेवर बास कुठे पडतो? सा-वर? आता हलला, म-वर गेला की प-वर? सुरुवातीला चुकतं, चुकू द्यावं. तीन-चार पर्यायांतून एक निवडायचा आहे, अंधारात बाण मारायचा नाही. गाणं अर्ध्या वेगाने ऐकायची सोय आता हाताशी आहे आणि तीत सूर खाली उतरत नाही, ती वापरावी. आठवडाभर रोज असं ऐकलं की म-वर जाताना गाणं उघडल्यासारखं वाटतं, आणि प-वर ते परतण्यासाठी ओढ घेतं, हे ओळखू येऊ लागतं. ही ओढ एकदा ऐकू आली की ती पुन्हा हरवत नाही. आणि मग नवीन गाणं पहिल्यांदा ऐकतानाच डावा हात आपोआप हलू लागतो. लवकर शिकणं म्हणतात ते याला, बोटं पळवण्याला नव्हे.

तुला वाटेल मी काही तरी अवघड, पोथीतलं सांगतो आहे. मग ऐक. अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंमध्ये वेळ म्हणजे पैसा होता. वादकांना गाणं ऐकायचं आणि लगेच वाजवायचं, अशी तिथली कामाची तऱ्हा. 1950 च्या दशकाच्या अखेरीस जॉर्डनेअर्स या गायकगटातल्या नील मॅथ्यूज यांनी तिथे आकड्यांची पद्धत सुरू केली, आणि चार्ली मॅकॉय यांच्यासारख्या वादकांनी ती पुढे नेली. कॉर्डला अक्षर द्यायचं नाही, सप्तकातल्या जागेचा आकडा द्यायचा : 1, 4, 5. आपल्या भाषेत सा, म, प. गायकाने ऐन वेळी पट्टी बदलली तरी कागद तोच राहतो. ज्यांचं पोट झटपट गाणं बसवण्यावर चालत होतं, त्या लोकांनी तुझी पद्धत बाजूला ठेवली आणि आपल्या सरगमच्या जवळ आले. आणि आपली मुलं सरगम घरात असताना तुझ्या मागे गेली.

नात्याने ऐकणाऱ्याला आणखी एक गोष्ट दिसते, जी तू कधी दिसू दिली नाहीस. गाणी एकमेकांची नातलग असतात. अमेरिकेतल्या ब्लूजची बारा घरांची चौकट घे. पहिली चार घरं सा, मग दोन म, दोन सा, नंतर एक प, एक म आणि शेवटची दोन सा. ही एक ओळ पाठ झाली की त्या परंपरेतल्या असंख्य गाण्यांत शिरता येतं. किंवा सा, प, ध, म हा क्रम घे : जी पट्टीत जी, डी, ई मायनर, सी, आणि सी पट्टीत सी, जी, ए मायनर, एफ. जगभरच्या पॉप गाण्यांत तो पुन्हा पुन्हा येतो, हिंदी सिनेमाच्या अलीकडच्या गाण्यांतही येतो. मायनर गाणी असतील तर स्वर आसावरी थाटाचे, आणि सा, कोमल नि, कोमल ध, प अशी खाली उतरणारी वाट कानाला सतत भेटते. सा ए असेल तर जाड तारेवर पाचवा फ्रेट, तिसरा, पहिला आणि मोकळी तार, असा तो उतार बोटाने चालून पाहता येतो. हे क्रम ओळखणाऱ्याला नवीन गाण्यात शिकायला उरतं ते फक्त त्या गाण्याचं वेगळेपण. तुझ्यासमोर मात्र प्रत्येक गाणं अनोळखी, कारण तू ते प्रत्येक वेळी सुट्या अक्षरांत मोडून देतोस.

आता लयीचं. इथे तर तू खोटंच बोलतोस.

तुझं अक्षर शब्दावर बसलेलं असतं. पण कॉर्ड शब्दावर बदलत नाही, ती मात्रेवर बदलते. आपली किती गाणी समेच्या आधी उचलली जातात, विचार. गायक दोन-तीन मात्रा आधी मुखडा उचलतो, शब्द पुढे गेलेला असतो आणि कॉर्ड नंतर समेवर येते. शिकणारा तुझ्यावर विश्वास ठेवतो, पहिल्या शब्दावरच कॉर्ड बदलतो, आणि पुढचं सगळं गाणं एका पायाने लंगडत चालतं. मग तो समजतो, आपल्याला ठेका कळत नाही. त्याला ठेका कळतो. आरतीला टाळ्या वाजवताना तो कधी चुकलेला नाही. तू त्याला आठ मात्रांचा केरवा आहे की सहा मात्रांचा दादरा, हेसुद्धा सांगितलेलं नसतं. म्हणून दादऱ्याच्या गाण्यावर केरव्याचा हात मारणारी मुलं माझ्याकडे येतात. हाताला दोष देतात, तासन्‌तास स्ट्रमिंगचे नवनवे प्रकार शोधतात. दोन वेळा नुसतं मात्रा मोजत गाणं ऐकलं असतं तर प्रश्न मिटला असता.

आणि कागद म्हणून तुला याची सूट मिळणार नाही. कागदावर काळ लिहिता येतो. विष्णु नारायण भातखंडे यांनी क्रमिक पुस्तक मालिकेत बंदिशी लिहिल्या, त्यात स्वर आहेत, त्यांच्याखाली शब्द आहेत, आणि समेला फुलीसारखी खूण, खालीला शून्य, अशी तालाची घरं आखलेली आहेत. सम कुठे आहे ते पाहणाऱ्याला बोटाने दाखवता येतं. 1536 मध्ये लुइस दे मिलान यांनी व्हॅलेन्सियात ‘एल माएस्त्रो’ हे विहुएलाचं पुस्तक छापलं. विहुएला म्हणजे गिटारचीच जवळची नातलग. त्या टॅब्लेचरमध्ये कुठली तार कुठे दाबायची हे तर आहेच, वर प्रत्येक ठिकाणी कालमान लिहिलेलं आहे. गोव्याच्या चर्चच्या शाळांमध्ये मुलं सोलफा आणि व्हायोलिन शिकली, आणि त्यांतले कितीतरी पुढे मुंबईच्या सिनेमाच्या वाद्यवृंदांत बसले. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचं संयोजन करणारे सेबॅस्टियन डिसोझा त्यांतलेच, प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विसही त्यांतलेच. तेही कागदावरूनच वाजवत. पण त्यांच्या कागदावर प्रत्येक स्वराचा काळ होता, आणि कागद वाचणाऱ्यांचे कान लहानपणापासून तयार झालेले होते. त्यामुळे कागदावरून वाजवलं म्हणून मी कोणाला दोष देत नाही. दोष तुझा आहे : तू अर्धवट कागद आहेस आणि पुरा असल्यासारखा वागतोस.

तुझी आणखी एक खोड. तुझा मजकूर वरून खाली वाहतो, म्हणून शिकणाराही प्रत्येक वेळी वरूनच सुरू करतो. मुखडा वाजवतो, पहिल्या अंतऱ्यात अडतो, वैतागतो, पुन्हा मुखड्यापासून सुरू करतो. महिन्याअखेर मुखडा झकास वाजतो आणि अंतरा तिथेच अडलेला. सिनेमातल्या किंवा भावगीतातल्या गाण्यात खरं तर किती मजकूर असतो? एक मुखडा, एक अंतरा, अंतऱ्याच्या शेवटी मुखड्याकडे परत आणणारी ओळ, मधलं थोडं वाद्यसंगीत. दुसरा आणि तिसरा अंतरा बहुतेक वेळा पहिल्याच चालीचे असतात, शब्द फक्त नवे. म्हणजे चार-पाच मिनिटांच्या गाण्यात शिकायचे तुकडे दोन-तीनच. तू मात्र ते शब्दांबरोबर लांबवून पानभर पसरतोस आणि शिकणाऱ्याला वाटतं, केवढं मोठं आहे हे! त्याच्या छातीवर तो डोंगर तू ठेवलेला असतोस.

गाणं जिथे अडतं तिथून सुरू करावं. अडतं ते बहुधा दोन कॉर्ड्सच्या मधल्या एका उडीवर. तेवढीच उडी काढून घ्यायची आणि पुढचं-मागचं सोडून तीच पुन्हा पुन्हा करायची, अगदी सावकाश, इतकी सावकाश की चूक व्हायला जागाच राहू नये. बोटं प्रत्येक उडीत सगळी उचलायची नसतात, हेही तू कधी बोलला नाहीस. सी-वरून ए मायनरला जाताना पहिलं आणि दुसरं बोट जागचं हलत नाही. तिसरं तेवढं पाचव्या तारेवरून उचलून तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर ठेवायचं. तुझ्यावर ही दोन अक्षरं दोन वेगळ्या जगांसारखी दिसतात; हाताला ती एका बोटाच्या अंतरावर आहेत. आणि उजवा हात कधीही थांबवायचा नाही. डाव्या हाताला उशीर झाला, कॉर्ड अर्धवट लागली, दोन तारा मुक्या राहिल्या, तरी उजव्याने मात्रा चालू ठेवायची. तालात एक कॉर्ड चुकली तर ऐकणारा ती विसरतो. ताल थांबला तर गाणं थांबतं. रोज थोडं आणि सलग दिवस, हे सांगायची गरज नसावी. रविवारी एकदम तीन तास बसणाऱ्यांना मी एवढंच म्हणेन की ते तीन तास आठवड्यात वाटून घ्या.

तुझी बाजूही मी ऐकून घेतली आहे. सगळीच गाणी तीन कॉर्ड्सची नसतात, हे मला मान्य आहे. भैरवीच्या अंगाच्या गाण्यात कोमल रे-वरची मेजर कॉर्ड येते आणि बिलावलच्या तक्त्यावर भरवसा ठेवलेला माणूस गोंधळतो. कितीतरी मराठी भावगीतं आणि नाट्यपदं पेटी-तबल्याच्या साथीवर, कॉर्डचा विचार न करता बांधलेली आहेत. त्यांवर कुठली कॉर्ड धरायची हा प्रत्येक वादकाच्या कानाचा आणि रुचीचा निर्णय असतो. पण इथे तर तुझा गुन्हा अधिक मोठा होतो. जिथे एकच एक उत्तर नाही, तिथे तू कोणा एका अनाम माणसाचं मत छापतोस आणि ते उत्तर म्हणून खपवतोस. त्याने कोमल ग ऐकला की नाही, त्याने रागाचा विचार केला की नाही, हे शिकणाऱ्याला कसं कळणार? तुझ्या चुकीच्या कॉर्डवर गाताना कित्येक मुलींनी बरोबर लागलेला आपला स्वर बदलून चुकीचा केलेला मी ऐकलेला आहे. कागदावर छापलंय म्हणून. स्वतःच्या बरोबर असलेल्या कानावरचा विश्वास तू त्यांच्याकडून काढून घेतलास, आणि त्या बदल्यात दिलंस काय, तर चार अक्षरं.

म्हणून यापुढे माझ्याकडे शिकणाऱ्यांनी तुला उघडायचं नाही, निदान सुरुवातीला नाही. पुढच्या गाण्यासाठी आम्ही कोरा कागद घेणार आहोत. वर पट्टी लिहू, काळी किंवा पांढरी, आणि ताल लिहू. खाली मात्रांची घरं आखू, सम कुठे आहे त्याची खूण करू. त्या घरांत बास ऐकून सा, म, प, ध जे ऐकू येईल ते भरू, खात्री नसेल तिथे प्रश्नचिन्ह ठेवू. शब्द लिहायचेच असतील तर मुखड्याचे आणि एका अंतऱ्याचे, तेही देवनागरीत. एवढा कागद पोस्टकार्डावर मावतो. गाणं दोन-चार दिवसांत पाठ झालं की तो कागदही बाजूला ठेवू.

तुला बोलावू ते त्यानंतर. आमच्या घरांशी तुझी अक्षरं ताडून पाहू. जिथे जुळतील तिथे ठीक. जिथे जुळणार नाहीत तिथे हेडफोन घालून मूळ रेकॉर्डिंग पुन्हा लावू, ती ओळ अर्ध्या वेगाने ऐकू, आणि रेकॉर्डिंग सांगेल ते लिहून ठेवू.

तुझा नसलेला,
गिटारचा एक शिक्षक